आजच्या गळ्याचा तंबोरा

परगावाहून घरी आणावयाच्या वस्तूंचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील वस्तू पिशवीत मावतात. साताऱ्याचे कंदी पेढे, सोलापूरची चादर, कोल्हापूरची चप्पल आणि उलट दिशेने जाणारी आमच्या नागपूरची संत्रा-बर्फी या त्या वर्गात मोडतात. यांना आपण आणतो. दुसऱ्या वर्गातील वस्तू पिशवीत मावत नाहीत, ट्रंकेत शिरत नाहीत, आडव्या ठेवल्या तर वाट अडवतात आणि उभ्या ठेवल्या तर छताच्या पंख्याशी भांडण काढतात. यांना आपण आणीत नाही. त्याच आपल्याला आणतात. कुठल्या दाराने चढायचे, कुठे बसायचे, कुणाशी गोड बोलायचे, हे सारे त्या ठरवितात. या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे तंबोरा.

इतवारीत राहणाऱ्या माणसाला परगावाहून काही आणावे लागते, हेच मुळी इतवारीला मान्य नाही. सराफ ओळीत सोने आहे, भांडे ओळीत पातेली आहेत, किराणा ओळीत हळदीपासून हिंगापर्यंत सगळे आहे, आणि जवळच्या चितार ओळीत तर खुद्द देव तयार होतात. अशा पेठेतला माणूस तंबोऱ्यासाठी मिरजेला जातो म्हटल्यावर शेजारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याला तो आपल्या पेठेचा अपमान वाटला.

"भाऊ, काहून जाता बाप्पा इतक्या दूर?" तो म्हणाला. "ट्रान्सपोर्टनं बोलावून घ्या ना. परवा गुंटूरहून दीडशे पोते आले आपल्याकडे, एक फाटलं नाही."

मी त्याला म्हटले, "मिरची ठेचली गेली तरी मिरचीच राहते. तंबोरा ठेचला की सरपण."

यावर तो हसला आणि "हे मात्र खरं बोलले तुम्ही" असे म्हणून गिऱ्हाइकाकडे वळला. पण खरे कारण मी त्याला सांगितले नव्हते. खरे कारण आमची आक्का होते.

आक्का माझी थोरली बहीण. वय एकाहत्तर. एका मुलींच्या शाळेत तिने सारा जन्म संगीत शिकविले. शाळेत संगीत शिकविणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पन्नास मुली, एक पेटी, पंधरा ऑगस्टचे स्वागतगीत आणि शेजारच्या वर्गातून येणारा पाढ्यांचा घोष! तिचे स्वतःचे गाणे घरी, पहाटे, तंबोऱ्यावर चाले. तो तंबोरा आमच्या वडिलांनी मिरजेहूनच आणविला होता. १९९१ साली मेहुण्यांच्या आजारपणात तो विकावा लागला. घेणारा माणूस तो घेऊन जिना उतरू लागला तेव्हा आक्का स्वयंपाकघरात गेली आणि तिने उगीचच डाळ निवडावयास घेतली. त्या विषयावर पुढे कधी बोलणे झाले नाही.

मेहुणे पुढे बरे झाले, चांगली वीस वर्षे जगले. तंबोरा मात्र परत आला नाही. त्याच्या जागी आधी विजेवर चालणारी सुरांची पेटी आली. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला, आणि पाहता पाहता तो देशभरच्या गाणाऱ्यांच्या घरांत शिरला. त्याने हजारो विद्यार्थ्यांची सोय केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग तो तंबोरा आणखी लहान होऊन फोनमध्ये जाऊन बसला. टोरांटोला असणाऱ्या भाचीने आईच्या फोनवर तो बसवून दिला. सूर अगदी गोड. अडचण एवढीच, की आक्का मध्यम लावून डोळे मिटून बसली असता त्या फोनवर एका कोवळ्या आवाजाची बाई येई आणि "मॅडम, आपल्याला वैयक्तिक कर्ज हवे आहे का?" असे विचारी. कुठल्याही रागात न बसणारा असा हा स्वर!

एक दिवस आक्का म्हणाली, "अरे, या यंत्राचं काही चुकत नाही. म्हणूनच माझं लक्ष लागत नाही."

मला ते प्रथम नीट कळले नाही. मग ध्यानात आले. तंबोरा दर दिवशी थोडा उतरतो. तो रोज लावावा लागतो. चार खुंट्या पिळून, तारेखालचे मणी पुढे-मागे सरकवून, कान देऊन देऊन तो जुळवीत बसण्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात कान जागा होतो. निम्मा रियाज तिथेच घडतो. बटन दाबले की सूर तयार मिळतो खरा. पण कानाला काम उरत नाही.

योगायोगाने त्याच सुमारास तिच्या निवृत्तिवेतनातील फरकाची रक्कम हाती आली. भाची तिकडून म्हणाली, "आई, तंबोरा घे." मी म्हटले, "घे." आमची सौ. म्हणाली, "वन्सं, घ्याच." आक्का म्हणाली, "या वयात? आणि मिरज का जवळ आहे?"

मिरज जवळ नाही, ही गोष्ट खरी. नागपूरहून रेल्वेने अकराशे किलोमीटरांच्या वर अंतर. एवढ्या अंतरात युरोपात माणूस दोन-तीन देश ओलांडतो. विदर्भातल्या माणसाला दक्षिण महाराष्ट्र हा तसा परमुलूखच. तिकडची भाकरी वेगळी, तिकडचा रस्सा वेगळा, आणि 'की' हा शब्द वाक्याच्या शेवटी लावण्याची रीत तर आम्हाला फार मौजेची वाटते. पण एक सोय आहे. गोंदिया आणि कोल्हापूर यांना जोडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपुरात बसलेल्या माणसाला सरळ मिरजेत नेऊन उतरवते. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता त्या काळात मधे गाडी बदलावी लागे, आणि वाद्य एका हमालाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाई. वडिलांचा तंबोरा तसाच आला असणार.

आता कुणी विचारील, नागपुरात काय तंबोरे मिळत नाहीत? मिळतात. नागपूर हे काही सुरांना पारखे गाव नव्हे. वसंतराव देशपांडे लहानपणी याच गावात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकले, आणि आज त्यांच्या नावाचे सभागृह येथे आहे. वाद्यांची दुकानेही आहेत. परंतु दुकानात दोन तंबोरे असतात, आणि दोघांतून एक निवडणे म्हणजे निवडणे नव्हे. शिवाय तंबोरा हा शर्टासारखा तयार मापात घेऊन भागत नाही. पुरुषी तंबोरा मोठा आणि खालच्या स्वराचा, बायकांचा त्याहून लहान आणि वरच्या स्वराचा. त्यातही कोणाची पट्टी काळी चार, कोणाची काळी पाच. दांडीची लांबी, तारेची जाडी, भोपळ्याचा घेर हे सगळे गळ्याशी जुळावे लागते. म्हणून गाणाऱ्याने स्वतः जावे आणि जिथे तो बनतो तिथे बसून घ्यावा, हेच बरे.

गेल्या जानेवारीत आम्ही निघालो. महिना मुद्दाम निवडला. नागपूरच्या उन्हाळ्यात भोपळ्याचा आणि माणसाचा, दोघांचाही धीर सुटतो; आणि पावसाळ्यात सरसाचे सांधे दमट होतात. थंडीचे दिवस प्रवासाला सगळ्यात चांगले.

मिरजेच्या या धंद्याची हकीकत मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे शिकलगार मंडळी होती. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. राज्ये गेली, लढाया थांबल्या, धार लावून घ्यायला कोणी येईना. त्यांतल्या फरीदसाहेब शिकलगार यांनी हातातली कारागिरी वाद्यांकडे वळविली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, दरबारात गवई येत, त्यांची वाद्ये मोडत आणि ती दुरुस्त करणारे कोणी हवेच होते. आधी दुरुस्ती आली, मग नवनिर्मिती. या कुळांनी पुढे 'सतारमेकर' हेच आडनाव लावले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरच्या संत्र्याला ते आधीच मिळालेले असल्यामुळे आम्ही उभयतां बरोबरीच्या नात्याने त्या गल्लीत शिरलो.

गल्लीत शिरताच प्रथम दिसतात ते भोपळे. छताला टांगलेले, कोपऱ्यात रचलेले, माळ्यावर ठेवलेले. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला तो पिकतो. वेलावर तो नीट वाढावा, त्याची बूड सपाट व्हावी, त्याला डाग पडू नये म्हणून शेतकरी त्याला लेकरासारखा जपतो. वाळला की बोटाने वाजवून त्याची परीक्षा होते. मग तो कापून, आतला गर काढून, पाण्यात मऊ करून त्याला आकार देतात. त्याच्यावर तबली बसते, गळ्याशी तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी जोडली जाते, आणि सांधा दिसू नये म्हणून वर लाकडाची कोरीव पाने येतात. असा सगळा भार सोसणारे ते कवच चिंचेच्या टरफलाचे मोठे भावंड वाटावे इतके नाजूक!

आम्ही ज्या कारखान्यात बसलो तिथले कारागीर साठीच्या घरातले होते. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराची खोली. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीवर आजोबांची तसबीर. चहा आला. मग त्यांनी आक्काला विचारले, "सूर कुठला लावायचा, ताई?"

"काळी चार," आक्का म्हणाली. तिने क्षणाचाही विचार केला नाही. आपले गाव सांगावे तसे तिने ते सांगितले.

त्यांनी एक तंबोरा काढला, काळी चारात लावला आणि तिच्यापुढे ठेवला. आक्काने तो मांडीशी घेतला. इतक्या वर्षांनी घेतला, पण हात चुकला नाही. मधले बोट पहिल्या तारेवर, तर्जनी पुढच्या तिन्हींवर. तिने षड्ज लावला. छान लागला. गंधार, पंचम, सगळे जागच्या जागी. मग ती वरच्या षड्जाकडे गेली आणि तिथे आवाज फाटला.

कोणी काही बोलले नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा तसेच झाले. मी भिंतीवरची तसबीर बारकाईने पाहू लागलो.

"प्रवासानं गळा बसतोय, ताई," ते कारागीर म्हणाले. "आणखी अर्धा कप घ्या की."

दुसरा चहा येईपर्यंत ते आत गेले आणि एक वेगळा तंबोरा घेऊन आले. दांडी अंमळ लांब, भोपळा थोडा मोठा. तो त्यांनी लावला, पण कुठल्या पट्टीत ते सांगितले नाही. आक्का पुन्हा गाऊ लागली. या वेळी आवाज सावकाश चढत गेला, वरच्या षड्जाला जाऊन टेकला आणि तिथे राहिला. खोलीत पलीकडे कानस चालविणाऱ्या पोराचा हात थांबला.

तिने तार सोडली. "ही पट्टी कुठली?"

"पांढरी चार."

काळी चारपासून पांढरी चारपर्यंत पेटीवर मोजून तीन पट्ट्या खाली. न गाणाऱ्याला हे अंतर काहीच वाटणार नाही. गाणाऱ्याला ते आपले घर सोडून खालच्या मजल्यावर राहावयास जाण्यासारखे आहे. आक्का बराच वेळ तंबोऱ्याच्या खुंट्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी जन्मभर काळी चारात गायले हो."

"गायला असणारच की," ते म्हणाले. "लागलेला षड्जच सांगतोय. पण ताई, तंबोरा कालच्या गळ्याला घ्यायचा नसतो. आजच्याला घ्यायचा असतो. मोठमोठे गवईसुद्धा वयाबरोबर पट्टी उतरवतात. काळी चारचा नेलात तर तो कोपऱ्यात उभा राहील, आणि तुम्ही त्याच्याकडं बघून रोज हळहळाल. हा नेलात तर गाल."

धंद्याच्या दृष्टीने त्यांना दोन्ही सारखेच होते. पहिला विकला असता तरी पैसे मिळालेच असते. त्या माणसाने तो विकला नाही. मला वाटते, एवढ्यासाठीच माणसाने वाद्य दुरून आणावे, जिथे बनविणारा समोर बसून ऐकतो तिथून आणावे. आक्काने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हाच बांधून द्या."

बांधून देण्याआधी जवारी काढायची होती, म्हणून आम्ही दोन दिवस राहिलो. जवारी म्हणजे तंबोऱ्याचा प्राण. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता असतो; तार त्याला ओझरता स्पर्श करीत थरथरते. कानसीने तो माथा केसाएवढा घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि एका विशिष्ट जागी तो आला की साधी टणटण करणारी तार एकदम गुंजू लागते, तिच्यातून आणखी स्वर फुटू लागतात. यात विज्ञानही आहे. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराची गाठ पडते तो उपस्वर उमटू नये, असा पाश्चात्त्य शास्त्राचा जुना नियम. आपली वीणा आणि तंबोरा तो नियम पाळीत नाहीत, आणि त्याचे मर्म या घोडीत आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या एका निबंधात दाखविले. हे रामन नोबेल पारितोषिकाच्या कितीतरी आधी, १९१० च्या सुमारास, हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून आमच्या नागपुरात होते, हे येथे अभिमानाने नमूद करून ठेवतो. नागपूरकराला एवढी मुभा असावी.

संध्याकाळी आम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्याला जाऊन आलो. तेथेच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना रेल्वेच्या फलाटावर त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेला आणले गेले. खाँसाहेब स्वतः जवारी काढण्यात तरबेज होते, वाद्यांची दुरुस्ती आपल्या हाताने करीत. दरसाल उरुसाच्या वेळी गवई येथे येऊन गातात. आक्का तिथे बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, "पांढरी चारही काही वाईट पट्टी नाही." मी मान डोलावली. अशा वेळी भावाने अधिक बोलू नये.

आता घरी नेण्याचा प्रश्न. कारखान्यात एका कोपऱ्यात जर्मनीला जाणारी लाकडी पेटी तयार होत होती. आत फोम, वर खिळे, आणि चारही बाजूंना नाजूक वस्तूचा इशारा. तिच्याकडे पाहताच मला आमच्या संत्र्याच्या पेट्या आठवल्या. तणसात लपेटून संत्री दिल्लीपर्यंत धाडणारे हात नागपुरात आहेत. तंबोऱ्याला तसलेच हात लागतात. परदेशी धाडताना आणखी एक पथ्य. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. १९९० पासून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, सांबरशिंगही आता वर्ज्य. जुने वाद्य तसले असेल तर सीमेवर ते अडू शकते. म्हणून हल्ली उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

रात्री भाचीचा फोन आला. तिच्या शेजारी चेलो वाजविणारी एक बाई राहते. चेलो म्हणजे व्हायोलिनचे थोराड भावंड, माणसाच्या छातीएवढे. ती बाई विमानात चेलोसाठी वेगळे तिकीट काढते. खिडकीजवळच्या जागेवर चेलो, त्याला पट्टा, शेजारी ती. सामानाच्या कोठारात तो द्यावयाचा तिला धीर होत नाही. त्याहून मोठा डबल बास असतो, त्याची मान सुटी करता येईल असेच काही हल्ली बनवितात. तात्पर्य, हे दुखणे आमचे एकट्याचे नाही. टोरांटो असो की इतवारी, मोठ्या वाद्याला धनी लागतो आणि धन्याला शेजारी बसावे लागते.

कारागिरांनी शिकविलेली रीत वाचकांपैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. प्रवासाआधी तारा उतरवाव्यात, पण काढू नयेत. घोडी फक्त तारांच्या दाबाने उभी असते. तिच्या पायांभोवती पेन्सिलीने बारीक खूण करून ती काढून वेगळ्या फडक्यात गुंडाळावी. तबलीवर घडी केलेले सुती कापड ठेवावे. भोपळ्याला खालून उशी द्यावी. आणि पार्सलच्या डब्यात तो कधीही देऊ नये, मग पावती कितीही मोठी मिळो.

आता रेल्वेचा हिशेब पाहा. वजनाच्या बाबतीत तंबोरा गरीब. चार-पाच किलोंचा जीव. शयनयानात माणशी चाळीस किलो फुकट नेता येतात. पण डब्यात न्यावयाच्या पेटीची लांबी शंभर सेंटिमीटरांपुढे असू नये असाही नियम आहे, आणि आमचा तंबोरा त्यापुढे चांगला हातभर. तिकीट तपासनीस आले. त्यांनी वही पाहिली, आम्हाला पाहिले आणि गादीवर आडवा निजलेल्या लांबलचक गाठोड्याला पाहिले.

"माणसं किती?"

"दोन."

"बर्थ किती?"

"दोन."

"मग हे कोण?"

"तंबोरा आहे हो," आक्का म्हणाली. "चौतीस वर्षांनी घरी चाललाय."

ते गृहस्थ क्षणभर थांबले. "वाटेत येऊ देऊ नका," एवढेच म्हणून पुढे गेले. कायदा आणि माणूस यांच्यामध्ये कधी कधी अशी दोन बोटांची जागा असते.

पण तंबोरा खाली आणि आक्का कुठे? हा पेच सुटला तो समोरच्या जवानामुळे. तो कामठीला रुजू व्हायला चालला होता. त्याने आपला वरचा बर्थ तंबोऱ्याला देऊ केला आणि माझ्या बर्थवर आपण दोघे पाळीपाळीने निजू असा तोडगा काढला. आक्का संकोचली. "अरे बाबा, तुला झोप नको का?"

"आजी, हत्यार सांभाळून झोपायची सवय आहे आम्हाला," तो म्हणाला.

त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, पण तो अगदी नेमके बोलला होता. हत्यारे सांभाळणाऱ्यांच्याच हातून तर हे वाद्य आले होते. पुणे गेले, दौंड गेले, पहाटे मनमाड आले. दर स्टेशनला गाडी हिसका देई, आणि दर हिसक्याला आक्का उठून वर हात लावून पाही. भुसावळला उजाडले. वर्धा येईपर्यंत डब्यातल्या यच्चयावत पोरांना तंबोऱ्यात किती तारा असतात ते पाठ झाले होते.

नागपूर स्टेशनापासून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून आमची ऑटोरिक्षा निघाली ती गणपतीच्या थाटात. चितार ओळीतून लोक गणपती नेतात तसाच भोपळा आक्काच्या मांडीवर, आणि दांडी माझ्या खांद्यावरून बाहेर. मिरचीचा व्यापारी दुकानाच्या पायरीवर उभा होता. तो खाली उतरला, चपला काढल्या आणि एक टोक धरून जिना चढला. "वजन काहीच नाही की हो याले," तो नवलाने म्हणाला.

पहिल्या दिवशी आक्काने तंबोरा नुसता ठेवला. इथली हवा त्याला लागू दे, म्हणाली. दुसऱ्या पहाटे पेन्सिलीच्या खुणेवर घोडी बसली, तारा चढल्या. तो जुळायला पाऊण तास लागला. मला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होते. एक तार उतरे, दुसरी चढे, मणी सरके, पुन्हा शांतता. मग चारही तारा एकमेकींत मिसळल्या आणि भिंतींमधून गुंजन येऊ लागले. आमची सौ. हातातले काम टाकून दारात येऊन उभी राहिली. आत आक्काने षड्ज लावला. खालचा, भरदार, पांढरी चारचा.

उन्हाळाही पार पडला. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि घरोघरी वाळ्याचे कूलर घरघरतात. बाहेर भट्टी आणि आत ओल, ही भोपळ्याची दुहेरी परीक्षा. आक्काने तंबोरा आतल्या खोलीत, झोतापासून दूर, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवला. स्वतः मात्र त्या खोलीत घामाघूम होत गायली. कूलर हवा की तंबोरा, असा प्रश्नच तिने उपस्थित होऊ दिला नाही.

आता दिवाळी आली आहे. गल्लीतल्या दोन मुली संध्याकाळी तिच्याकडे शिकावयास येऊ लागल्या आहेत. कोवळे गळे, पट्टी काळी चार. त्यांच्यासाठी आक्का फोनमधला सूर लावते, कारण तिचा तंबोरा तिच्या गळ्याचा. तो तीन पट्ट्या वर ओढला तर तारा तुटतील. परवा त्यांतली धाकटी तंबोऱ्याला हात लावून म्हणाली, "आजी, मला यावर गायचं आहे."

"यावर नाही, बाळ. हा माझा आहे," आक्का म्हणाली. "तुझा तू आण. तुझ्या गळ्याचा."

"कुठून?"

"मिरजेहून. काही लांब नाही."